एक, तीन, दोन, सहा आणि सेंदाईचा शनिवार

जपानहून परत आल्यावर भेटणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "फुजी दिसला का?" मला फुजी दिसला नाही. दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा तो ढगात होता. मात्र सेंदाई नावाच्या शहरात, एका शनिवारी सकाळी, हिरव्या कापडाच्या टेबलाशी बसून मी कसिनोतला पत्त्यांचा खेळ खेळले आणि आमची जोडी पहिली आली. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मुलीकडे बघतो. एकोणतीस वर्षं नाशिकच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं मी. वर्गात मागच्या बाकावर पत्ते सापडले तर जप्त करायची. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं.

हिगाशी-कसाई

माझी मुलगी मृण्मयी आणि जावई टोकियोच्या पूर्वेला हिगाशी-कसाईत राहतात. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. स्टेशनवरून घरी येईपर्यंत दोन-तीन तरी मराठी आवाज कानावर पडतात, कोपऱ्यावर तूरडाळ आणि हिंग मिळतो, त्यामुळे पहिला आठवडा मला परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. परदेश जाणवायचा तो कचरा टाकताना. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्यांची झाकणं वेगळी. मृण्मयीने फ्रिजवर तक्ता लावून ठेवला होता, तरी एकदा माझी पिशवी तशीच मागे ठेवून गाडी निघून गेली. वर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. नातीने ती जपानीत वाचली, जपानीतच हसली आणि शाळेत गेली.

नवव्या दिवशी सकाळी बाथरूमच्या छतातून पाणी टपकायला लागलं. घरात मी एकटी. बादली ठेवली आणि मृण्मयीला फोन लावणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक ठेंगणी म्हातारी बाई, दोन्ही हातांत खोका धरून कमरेपर्यंत वाकलेली. सरळ उभी राहून ती अतिशय स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "मी वरच्या मजल्यावरची ओगावा. टबाचा नळ बंद करायला विसरले. तुमच्या छताबद्दल मी मनापासून माफी मागते."

खोक्यात मिठाई होती. आपल्याकडे पाणी वरून आलं की आधी दोन दिवस पाणी कोणाचं यावर वाद होतो. इथे पाणी वाळायच्या आत माफी आणि मिठाई. मी तिला आत बोलावलं आणि आलं घालून चहा केला.

ओगावा-सान (इथे आदराने नावापुढे 'सान' लावतात) शहात्तर वर्षांच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. तरुणपणी त्या परदेशी फोन जोडून देणाऱ्या ऑपरेटर होत्या, म्हणून तसं इंग्रजी. "मुंबईचे फोन मी पुष्कळ जोडलेत," त्या म्हणाल्या. "वायरीत समुद्राचा आवाज यायचा. तेव्हा शेकडो नंबर तोंडपाठ होते." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "आता नळ लक्षात राहत नाही. या वर्षातली ही तिसरी वेळ."

डॉक्टर म्हणत होते, वयाच्या मानाने ठीक आहे. सेंदाईला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला मात्र ते ठीक वाटत नव्हतं. तिने सेंदाईतल्या एका वृद्धाश्रमात आईसाठी खोली बघितली होती. एप्रिलपासून जायचं.

"जागा चांगली आहे," ओगावा-सान म्हणाल्या. "खिडकीतून नदी दिसते. पण मी तिथे कोणालाच ओळखत नाही. इथे मला सगळे ओळखतात."

जाता जाता त्यांनी विचारलं, "तुम्हाला पत्ते येतात का?"

एकवीस

जपानमध्ये पैसे लावून कसिनोचे खेळ खेळणं कायद्याने गुन्हा आहे. पण नुसत्या प्लास्टिकच्या चकत्या लावून खेळायला कोणाची हरकत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांत तो खेळ चांगलाच रुजलाय. डोकं चालतं राहतं, हात हलतात, माणसं भेटतात. ओगावा-सान आठवड्यातून दोनदा सकाळी वस्तीच्या हॉलमध्ये अशा मंडळात जायच्या. दारू नाही, सिगारेट नाही, चकत्या शेवटी डब्यात परत. पुढच्याच सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेले.

खेळ एकविसाचा. राजा, राणी, गुलाम यांचे दहा धरायचे, एक्क्याचा एक किंवा अकरा. तुम्हाला दोन पत्ते मिळतात, वाटणारीलाही दोन, पण तिचा एकच उघडा असतो. तुमच्या पत्त्यांची बेरीज एकविसाच्या जितकी जवळ जाईल तितकं चांगलं, एकविसाच्या वर गेलात की फुटलात. वाटणारीवर बंधन असतं: सोळापर्यंत तिला आणखी पत्ता घ्यावाच लागतो, सतराला थांबावंच लागतं. प्रत्येकाची लढत फक्त तिच्याशी. प्रत्येक डावाआधी आपण किती चकत्या लावायच्या ते ठरवायचं.

ओगावा-साननी वीस चकत्या घेतल्या आणि बारा मिनिटांत संपवल्या. हरल्या की त्या पुढच्या डावाला दुप्पट लावत. एक, दोन, चार, आठ. पंधरा गेल्यावर सोळा लावायला जवळ उरल्या पाच.

"असं का खेळता?" मी विचारलं.

"दुप्पट केलं की एका डावात सगळं परत येतं, असं माझे यजमान म्हणायचे."

"तो डाव येईपर्यंत चकत्या उरल्या तर येतं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दर वर्षी जोड्यांची स्पर्धा असते. या वेळी सेंदाईला आहे. नाओको, माझी मुलगी, बघायला येणार आहे. गेल्या वर्षी मी दहा मिनिटांत बाहेर पडले, कारण आधी किती लावलं होतं तेच विसरले. माझी जोडीदारीण होक्काइदोला मुलाकडे गेली. सुनंदा-सान, तुम्ही याल का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. आमच्या घरी पत्त्यांना बंदी नव्हती. मे महिन्यात बदाम सात आणि मेंढीकोट दिवसभर चालायचं. पण डावावर काहीही लावणं म्हणजे जुगार, हे माझ्या अंगात भिनलेलं. घरी येऊन मृण्मयीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, प्लास्टिकच्या चकत्या आहेत त्या. आणि तू बारावीला संभाव्यता शिकवताना चिंचोके लावून हेच करायचीस ना?"

खरं होतं. ज्या मुलांना सूत्रं चालत नसत त्यांच्यासाठी मी वर्गात चिंचोक्यांचा खेळ मांडत असे आणि त्यात पैज वाढवण्याच्या निरनिराळ्या रीती ताडून बघायला लावत असे. त्यातली सर्वांत कमी धोक्याची रीत मला अजून पाठ होती. दुसऱ्या दिवशी मी ओगावा-सानना खाली बोलावलं. चिंचोके नव्हते. स्वयंपाकघरात अझुकी नावाच्या जपानी कडधान्याचे लाल दाणे होते, ते ओट्यावर मांडले.

"हरलात की दुप्पट करायचं नाही. वाढवायचं ते जिंकल्यावर," मी म्हटलं. "आधी एक लावा. जिंकलात की तीन. परत जिंकलात की दोन. परत जिंकलात की सहा. चारही जिंकलात की पुन्हा एकपासून. मध्ये कुठेही हरलात तरी पुन्हा एक."

"तीननंतर दोन का? मागे का यायचं?"

"दोन डाव जिंकल्यावर तुमच्याकडे चार दाणे वरकड आहेत. दोन बाजूला ठेवा, दोन लावा. हरलात तरी दोन घरात आलेच. जिंकलात तर वरकड सहा होतात, ते सहाही लावा. तिथे हरलात तर ना नफा ना तोटा. जिंकलात तर एका फेरीत बारा."

त्यांनी दाणे सरकवून सरकवून सगळ्या शक्यता स्वतः तपासल्या. मला असे विद्यार्थी फार आवडतात. शेवटी म्हणाल्या, "सर्वांत वाईट म्हणजे पहिला जिंकून दुसरा हरणं. तेव्हा दोन जातात. त्याहून जास्त एका फेरीत जातच नाहीत?"

"नाहीत. पण एक गोष्ट नीट ऐका. आपण किती लावलंय ते पत्त्यांना कळत नाही. या रीतीने कोणी जास्त डाव जिंकत नाही, आणि बराच काळ खेळत राहिलं तर टेबलच वरचढ ठरतं. हिने एवढंच होतं की वाईट वेळ स्वस्तात निघून जाते आणि चांगली वेळ येईपर्यंत आपण खुर्चीवर असतो."

"खुर्चीवर असणं पुरे," त्या म्हणाल्या.

पण क्रम डोक्यात ठेवायला हवा होता. स्पर्धेत लिहून ठेवायला परवानगी नव्हती, जोडीदाराशी बोलायलाही नाही. दोन दिवस त्या गोंधळल्या. तिसऱ्या सकाळी आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. जपानी लोक आकड्यांचे शब्द करून नंबर पाठ करतात, हे मला तेव्हा कळलं. एक म्हणजे 'इ', तीन म्हणजे 'झा', दोन 'फु', सहा 'रो'.

"इझा फुरो," त्या म्हणाल्या. "म्हणजे, चला, आता आंघोळीला." आणि आमच्या छतावरच्या ओल्या डागाकडे बोट दाखवून इतक्या हसल्या की मला ओट्याला धरून उभं राहावं लागलं.

सराव तीन आठवडे चालला. एकच जागा कच्ची राहिली: बरोबरी. वाटणारीची आणि तुमची बेरीज सारखी आली की लावलेल्या चकत्या परत मिळतात आणि क्रमात जिथे होतो तिथेच राहायचं. बरोबरी झाली की ओगावा-सानचा धागा तुटायचा आणि त्या घाबरून एकवर यायच्या. दुसरं म्हणजे तेरा-चौदा बेरीज झाली की त्यांना आणखी एक पत्ता मागायचा मोह व्हायचा. मी म्हणायची, "वाटणारीसमोर चार, पाच, सहा दिसला की गप्प बसायचं. फुटायचं असेल तर तिला फुटू द्या."

दरम्यान जावयाच्या ऑफिसात बातमी पोचली. एक जण फोनवर मला म्हणाला, "काकू, ओसाकाला सरकारी परवान्याने खरा कसिनो होतोय. उघडला की तुमची ट्रिक घेऊन जाऊ या." मी त्याला ओगावा-सानना सांगितलं तेच सांगितलं, आणि वर हेही, की चकत्या डब्यात परत जाणार असतील तोवरच मी खेळणार. त्याने परत विचारलं नाही.

सेंदाई, शुक्रवार

शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, टोकियोतल्या उएनो स्टेशनला चढलो. मृण्मयी फलाटावर मला पाच वेळा विचारून गेली, "आई, तिकीट कुठे ठेवलंस?" मी आणि ओगावा-सान एकमेकींकडे बघून हसलो.

मी शाकाहारी, म्हणून थालीपिठं केली होती आणि बरोबर आंब्याच्या लोणच्याची छोटी बाटली. ती बाटली पिशवीत कलंडली. डब्यात कोणी मोठ्याने श्वासही घेत नव्हतं, त्या शांततेत आधी वास पसरला आणि मग तेलाचा थेंब थेंब माझ्या पदरावर आणि शेजारच्या गृहस्थांच्या बुटाजवळ. मी मेल्याहून मेल्यासारखी. ते गृहस्थ ओले कागदी रुमाल काढून मला देत राहिले, एकामागून एक, आणि शेवटी त्यांनी ओगावा-सानना काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत, हे खाण्याचं आहे का," ओगावा-साननी सांगितलं.

उरलेल्या लोणच्याबरोबर त्यांना अर्धं थालीपीठ दिलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, तरी संपवलं. तेलकट रुमालांची पिशवी मी सेंदाईपर्यंत हातात धरून बसले.

नाओको-सान स्टेशनवर गाडी घेऊन आली होती. पन्नाशीच्या जवळची, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, केस घट्ट बांधलेली. सेंदाई टोकियोपेक्षा चांगलीच गार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच झाडं, तपकिरी झालेली पानं गाड्यांच्या टपांवर पडत होती. घरी तिने माझ्यासाठी खास टोफू आणि भाजलेली वांगी केली होती, आणि नंतर झुंदा: कोवळ्या हिरव्या सोयाबीनचं गोड सारण घातलेला तांदळाचा गोळा. हिरव्या रंगाचं पुरणच. मी तीन खाल्ले.

टेबलाच्या टोकाला वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक होतं आणि त्याखाली फॉर्म. नाओको-सानला इंग्रजी येत नव्हतं. तिला माझ्याशी बोलायचं होतं, आणि मध्ये दुभाषी फक्त तिची आई. ती जे काही बोलली ते ओगावा-साननी, ज्या आवाजात त्यांनी कधीकाळी मुंबईचे फोन जोडले असतील त्याच आवाजात, एक शब्द न गाळता मला सांगितलं.

"ती म्हणते, गेल्या हिवाळ्यात तिने मला अकरा वेळा फोन केला. मी फोन फ्रिजमध्ये ठेवला होता. खरं आहे. ती म्हणते, आज पाणी सांडलं, उद्या गॅस राहील. ती म्हणते, तिला रोज कामावर भीती वाटते."

मृण्मयी मला नाशिकला रोज फोन करते. एकदा मी उचलला नाही तर तिने शेजाऱ्यांना माझं दार वाजवायला लावलं होतं. मी नाओको-सानला म्हटलं, "तुमची भीती मला कळते. माझ्या मुलीलाही ती आहे."

हे ओगावा-साननी भाषांतर केलं. त्यावर नाओको-सानने आईलाच हळूच विचारलं, आणि आईने तसंच मला सांगितलं, "ती विचारते, उद्या मी मध्येच विसरले तर? लोकांसमोर?"

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"मी म्हटलं, येऊन बघ," ओगावा-सान म्हणाल्या.

शनिवार

स्पर्धा एका मोठ्या हॉलमध्ये होती. दारात बूट काढले. ओगावा-सानच्या आग्रहाखातर मी पैठणी काठाची साडी नेसले होते, त्यामुळे आत शिरताच नोंदणीच्या टेबलावरच्या दोन आजोबांनी माझ्या पदराला वाकून नमस्कार केला.

बारा जोड्या, तीन टेबलं. प्रत्येक जोडीला वीस चकत्या. पहिले वीस डाव जोडीतल्या एकाने खेळायचे, पुढचे वीस दुसऱ्याने. शेवटी ज्यांच्याकडे जास्त ते पहिले.

आधी मी बसले. वाटणारी बाई काळं जाकीट आणि बो घातलेली. एरवी बस चालवते, असं नंतर कळलं. माझं नशीब त्या दिवशी अगदी बेतास बात होतं. जिंकायची, तीन लावायची, हरायची. पुन्हा एक. दुसऱ्या पायरीच्या वर एकदाच चढले. पण आजूबाजूला काय चाललं होतं ते दिसत होतं. डावीकडच्या गृहस्थांनी चार, मग आठ लावल्या आणि चहा घ्यायला उठून गेले ते परत आले नाहीत. वीस डाव संपले तेव्हा माझ्यापुढे सतरा चकत्या होत्या. बारापैकी सहा जोड्या गारद झाल्या होत्या. उरलेल्या सहांसाठी एकच टेबल राहिलं.

मी उठले, ओगावा-सान बसल्या. खुर्ची उंच होती, त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. नाओको-सान माझ्याजवळ येऊन उभी राहिली, कोट अंगात, गाडीची किल्ली हातात. ती अर्ध्या तासासाठी आली होती.

ओगावा-सान पहिले चार डाव हरल्या. सतराच्या तेरा झाल्या. नाओको-सानने घड्याळ पाहिलं. मी मात्र बघत होते की दर वेळी त्यांनी एकच चकती लावली, न विचारता, न घाबरता. दुप्पट करायची सवय हात विसरला होता.

पाचवा जिंकल्या. तीन लावल्या, जिंकल्या. दोन लावल्या. वाटणारीचे अठरा, त्यांचेही अठरा. बरोबरी.

दोन चकत्या परत सरकवल्या गेल्या. आणि ओगावा-सान थांबल्या. हात चकत्यांच्या वर तसाच अधांतरी राहिला. बाकीच्या पाच जणांनी लावून झालं होतं. वाटणारी थांबली. शेजारच्या बाईंनी मान वळवली. नाओको-सानने माझं मनगट धरलं. मी बोलले असते तर जोडी बाद झाली असती. बोलावंसं इतकं वाटलं की मी दात दाबून धरले.

ओगावा-सानचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण मला शब्द दिसले. इ. झा. फु. त्या तिथे थांबल्या, आणि त्यांनी दोन चकत्या पुढे ठेवल्या.

जिंकल्या. मग सहा लावल्या, अगदी रांगेत. तेही जिंकल्या. तेराच्या पंचवीस. नाओको-सानने माझं मनगट सोडलं आणि कोट काढला.

पुढची फेरी तिसऱ्या पायरीवर तुटली, तरी दोन चकत्या हाती आल्या. त्यापुढची चौथ्या पायरीवर, ना नफा ना तोटा. सत्तावीस. दरम्यान टेबलावरचे तिघे संपले होते. पुढे होते सेंदाईचेच एक निवृत्त न्हावी, मोठे पटाईत, सदतीस चकत्यांचा मनोरा रचून बसलेले. ओगावा-सान पुन्हा जिंकल्या, एक. जिंकल्या, तीन. जिंकल्या, दोन. तेहतीस.

शेवटचा डाव. न्हावीकाका आधी लावणार होते. त्यांनी हिशोब केला आणि एकच चकती पुढे केली. ते पुढे होते, त्यांना धोका घ्यायचं कारण नव्हतं. जिंकले तर अडतीस. सगळ्यांच्या नजरा ओगावा-सानकडे गेल्या. मागून कोणीतरी कुजबुजलं. नंतर मला कळलं, ते म्हणत होते की आता म्हातारीने सगळंच लावावं.

ओगावा-साननी सहा मोजल्या. एक जास्त नाही, एक कमी नाही. माझ्या डोक्यात बेरीज आपोआप झाली: तेहतीस आणि सहा, एकोणचाळीस.

त्यांना पत्ते आले तीन आणि दश्शी. तेरा. वाटणारीसमोर बदामाची छक्की.

वाटणारीने विचारलं, आणखी हवा का. सरावात याच जागी त्यांनी कितीतरी वेळा पत्ता मागितला होता. ओगावा-साननी पत्त्यांवर तळवा आडवा फिरवला. नको. आणि हात मांडीवर ठेवून त्या सरळ बसल्या.

वाटणारीने झाकलेला पत्ता उलटा केला. नव्वी. पंधरा झाले, तिला घेणं भाग होतं. तिने पुढचा पत्ता काढला: किलवरचा राजा. पंचवीस. फुटली.

न्हावीकाका अडतीस. आम्ही एकोणचाळीस.

टाळ्या फार मोठ्या नव्हत्या, इथे सगळंच हळू. पण न्हावीकाका उठून टेबलाला वळसा घालून आले आणि ओगावा-सानपुढे इतके खाली वाकले की त्यांचा चष्मा घसरला. ओगावा-सान खुर्चीवरून उतरल्या. मला वाटलं मुलीकडे जातील. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा-सान, बरोबरीनंतर दोनच ना?"

"दोनच," मी म्हटलं. वर्गातल्या कुठल्याही पहिल्या नंबराचा मला इतका आनंद झाला नव्हता.

बक्षीस म्हणून पाच किलो तांदूळ मिळाला, या भागातला, नावाजलेला. आणि एक प्रशस्तिपत्रक, त्यावर माझं नाव जपानी अक्षरांत. मला वाचता आलं नाही, तरी मी ते तीन वेळा वाचलं.

फलाट

नाओको-सानने त्या दिवशी कामावर अर्धी सुट्टी कळवली आणि आम्हाला जेवायला नेलं. जेवताना ती नुसती आईकडे बघत होती. फलाटावर आली तेव्हा एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्यात माझ्यासाठी झुंद्याचा खोका. गाडी यायला चार मिनिटं होती.

मग ती बोलायला लागली. बरंच बोलली, आईकडे नाही, खाली फलाटाकडे बघत. ओगावा-सान ऐकत होत्या. एकदा त्यांनी मान हलवली, एकदा काहीतरी छोटंसं उत्तर दिलं. त्यावर नाओको-सान हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. तिने वाकून मला नमस्कार केला, मीही केला, साडीच्या निऱ्या सांभाळत.

गाडीत बसल्यावर, सेंदाईची घरं मागे जायला लागल्यावर, मी विचारलं, "काय म्हणाली?"

ओगावा-सान खिडकीशी बसल्या होत्या, प्रशस्तिपत्रक मांडीवर, टोपी डोक्यावर तशीच. "म्हणाली, वृद्धाश्रमाच्या खोलीला सोमवारी नाही कळवते. त्या खोलीची कोणाला तरी जास्त गरज असेल. टबाला आपोआप बंद होणारा नळ बसवून देते म्हणाली, खर्च तिचा. आणि रोज सकाळी सात वाजता फोन करणार, मी उचलायचाच."

"आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"मी म्हटलं, सातला मी घरी नसते, मैत्रिणींबरोबर फिरायला जाते. आठनंतर कर."